वरच्या चॅपेलातली तबकं

३ फेब्रुवारी १९३५, रविवार

ही वही माझ्याच दुकानातली, म्हणून मूळ भावात पडली. सुरुवात बरी झाली म्हणायची.

आज उपासना संपल्यावर पाळक मिस्टर लोमॅक्स मला दारात गाठून म्हणाले, "मिस्टर सन्टर, आपल्या चॅपेलाला यंदा शंभर वर्षं होतात. एक छोटासा इतिहास लिहून काढा. या खोऱ्यातलं तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?"

मी म्हटलं, "मला जे ठाऊक असतं ते छापण्यासारखं नसतं."

ते हसले. मग हातमोजे चढवता चढवता खरं काय ते बोलले. मेथडिस्टांचे दोन्ही पंथ एक झाल्याला आता तिसरं वर्ष. एवढ्याशा स्कार्थवेटमध्ये दोन मेथडिस्ट चॅपेलं कशाला? हिवाळ्याच्या आत एकाला कुलूप लावायचं. कुठल्याला, ते गावानंच ठरवायचं.

म्हणजे मी शंभरीचा इतिहास लिहायचा की मर्तिकाचा, ते अजून ठरायचं आहे.

आमचं ते वरचं चॅपेल, वेस्लियन पंथाचं, टेकडीवरचं. खालचं पुलापाशी, प्रिमिटिव्ह पंथाच्या लोकांचं; आम्ही त्यांना ओरडे म्हणतो, कारण ते प्रार्थना करतात तेव्हा देव बहिरा असल्यासारखी करतात. आमच्यानंतर पंधरा-सोळा वर्षांनी त्यांनी बांधलं. कानामागून आलेलं चॅपेल.

मी शिशाच्या खाणीतल्या मजुराचा पोरगा. वरच्या चॅपेलात शेवटच्या फुकट बाकावर, खांबाच्या आड बसायचो. पुढची बाकं भाड्याची, त्यांना छोटी दारं. मग गाढवावर सुया, बटणं आणि दिव्याचं तेल लादून शेतोशेत हिंडलो. आज दुकान आहे, लॉरी आहे, आणि पहिल्या रांगेतल्या बाकाच्या दारावर पितळी पट्टीत माझं नाव आहे. शेवटच्या बाकावरून पहिल्या बाकावर यायला उभी हयात गेली. ते बाक मी जाऊ देणार नाही. वही सुरू केली ती यासाठी. इतिहास हे निमित्त.

९ फेब्रुवारी, शनिवार

वैऱ्याचा अंदाज घ्यावा म्हणून खाली गेलो. अमॉस रुकिन त्यांचा कारभारी. धंद्यानं दगडी बांध रचणारा. बोलणंही तसंच, एकेक दगड निवडून.

"ये सन्टर. माप घ्यायला आलास?"

"माप काय घ्यायचं? तुमचं चॅपेल माझ्या गोदामाएवढं."

"तुझ्या गोदामात गळतं का?"

"छे."

"मग तुमच्या चॅपेलापेक्षा तेच बरं."

मी म्हटलं, "देव वर राहतो अमॉस, म्हणून आमच्या लोकांनी वर बांधलं."

"तर मग तो खाली बघत असेल तेव्हा पहिल्यांदा तुमचं फुटकं छप्परच दिसत असेल त्याला."

त्यांच्याकडे शेगडी मोठी आहे आणि ती धुरकटत नाही, हे मान्य करायला हवं. रस्त्यालगत आहे, म्हाताऱ्यांना चढ नाही. आमचे काही गुडघे तिकडे झुकतील, याची मला धास्ती आहे. डोकी मोजली तर आम्ही जास्त. गुडघे मोजले तर सांगता येत नाही.

निघताना म्हणाला, "हॅना बरी आहे ना? तिला सांग, केझाया आत्या आठवण काढते."

माझी बायको मुळात खालची. लग्न झालं तशी वर आली. बायकोनं नवऱ्याचं चॅपेल धरायचं, हा इथला रिवाज. त्यात विचारायचं काही नसतं.

५ मार्च, मंगळवार

चाळीस दिवसांच्या उपासकाळाच्या आदल्या दिवसाचा चहा आज वर झाला. हॅम, लोणी लावलेला पाव, शहाजिऱ्याचा केक. इतिहासाच्या दृष्टीनं इथं तबकांविषयी लिहून ठेवतो, कारण मि. लोमॅक्स शहरातले, त्यांना हे कळत नाही.

आमच्यात 'तबक धरणं' म्हणजे नुसतं तबक धरणं नव्हे. चॅपेलच्या चहाला आठ मेजं असतात. प्रत्येक मेज एका बाईचं. कप-बश्या तिच्या घरच्या, चहादाणी तिची, चादर तिनं विणलेली. ती टोकाला बसून ओतणार आणि साखर किती ते विचारणार. कोण कुणाच्या तबकावर बसतं, यावरून गावात कुणाचं काय चाललंय ते कळतं. तबक आईकडून लेकीकडे जातं. लेक नसली तर मिसेस पीकॉक ठरवतात. मिसेस पीकॉकचं तबक पहिलं, खिडकीजवळचं. मी पहिल्यापासून त्यांच्याच तबकावर बसतो. धंद्याच्या निम्म्या गोष्टी मला तिथंच कळल्या.

म्हाताऱ्या मिसेस कोट्स नाताळात गेल्या, त्यांना लेक नाही. म्हणून एक मेज रिकामं होतं. आज मिसेस पीकॉकनी ते नव्या शाळामास्तरांच्या बायकोला, मिसेस डॉबसनना दिलं. बाईला या खोऱ्यात येऊन दोन हिवाळेही झालेले नाहीत. चहा कोमट होता, पण कप शहरातले होते.

हॅना नेहमीप्रमाणे मागच्या खोलीत, कप-बश्या धुवायला. मी मिसेस पीकॉकना गमतीनं म्हटलंही, "आमच्या हिला गरम पाण्याची भारी हौस. घरी बंब तापला की खूष." सगळे हसले.

येताना तिनं विचारलं, "कोट्सबाईंचं मेज कुणाला गेलं?" मी सांगितलं. ती शाल ओढून घेऊन पुढं चालू लागली. सुटल्यासारखं वाटलं असेल. आठ-दहा जणांची साखर लक्षात ठेवायची म्हणजे काही सोपं काम नाही.

१६ मार्च, शनिवार

आज इतिहासासाठी केझाया रुकिनकडे गेलो. अमॉसची आत्या. शेगडीजवळ बसलेली, हातात विणकामाच्या सुया. तिला दिसत नाही, पण सुया थांबत नाहीत.

मी विचारलं, "केझाया, खालचे लोक वरच्यांपासून फुटले ते कशावरून? तत्त्वावरून ना?"

"तत्त्व? हो की. साखर घालून प्यायचं तत्त्व."

"म्हणजे?"

"चहावरून रे. माझी आई तिथं होती. टॅमर हार्कर म्हणून एक बाई, खाणीवाला नवरा दरडीखाली गेला तिचा. ती लोकांचे मोजे विणून विणून पैसे साठवायची, रिचमंडच्या बाजारातनं एकेक कप आणायची. सहा झाले तेव्हा तबक घेऊन चढावर गेली, चहाच्या दिवशी. खाणीच्या मुकादमाची बायको दारातच म्हणाली, मेजं भरलीत टॅमर. तू मागं जा, भांडी घास."

"मग?"

"मग काय! तिनं तबक उचललं आणि आल्या वाटेनं खाली आली. त्या उतारावरनं, बर्फात. एका कपाचा टवकासुद्धा उडाला नाही, हे आई दरवेळी सांगायची. पुलाच्या कठड्यावर तबक ठेवलं. खाणीतनं माणसं सुटत होती. त्यांना म्हणाली, या, इथं सगळ्यांना जागा आहे. पुढच्या रविवारी तिथंच गाणी झाली. त्याच्या पुढच्या वर्षी भिंती." सुया थांबल्या. "तेव्हापासून खाली नियम आहे. जी कप घेऊन येईल तिला मेज."

गोष्ट सुरेख आहे. पण इतिहासाला मोठी कारणं लागतात. घरी येऊन लिहिलं: 'काही तत्त्वविषयक मतभेदांमुळे थोडे सभासद वेगळे झाले.' वाक्य भारदस्त वाटतं.

टॅमर हार्कर ही हॅनाच्या माहेरच्यांपैकी कुणीतरी असावी. पण या डोंगरात हार्कर म्हणजे ओढ्यातले गोटे. कुठवर मोजणार?

१७ मार्च, रविवार

जेवणानंतर हॅनाला इतिहासाची पहिली पानं वाचून दाखवली.

ती म्हणाली, "टॅमरचं नाही घेतलंस?"

"तुला कुणी सांगितलं?"

"काल तू गेल्यावर मी केझायाकडे लोकर पोचवायला गेले होते. म्हणाली, तुझा नवरा येऊन गेला. लिहून घेतो म्हणाला."

"अगं, कपबशीवरून कुठं चॅपेल फुटतं का? लोक हसतील."

ती थोडा वेळ विणत राहिली. "खाणमालकांची नावं घेतलीस?"

"सगळी. दान किती दिलं त्यासकट."

"आणि मुकादमाचं?"

"अर्थात. पायाचा दगड त्यानंच बसवला."

"बरं," ती म्हणाली.

हॅनाचं 'बरं' म्हणजे पसंती. इतक्या वर्षांत तिनं माझ्याशी कधी वाद घातला नाही. असं नशीब किती जणांचं असतं?

२ एप्रिल, मंगळवार

दोन्हीकडच्या लोकांची शाळेत सभा. चॅपेल कुठलं ठेवायचं ते मतानं ठरवू, यावर एकमत झालं. मत कसं घ्यायचं यावर मात्र होईना. हात वर करायला बायका तयार नाहीत. ज्याच्या जमिनीत राहतो त्याच्यासमोर हात कसा वर करायचा, म्हणून कुळं तयार नाहीत. मि. लोमॅक्स म्हणाले, चिठ्ठ्या. त्यावर विली व्हिटेल उठला. आमच्याच बाजूचा मेंढपाळ, तोंडानं मोकळा.

"चिठ्ठी कसली पाळकबुवा? माझं अक्षर अख्खं खोरं ओळखतं. मेंढीचं पाऊल म्हणतात त्याला."

तेव्हा मी उठलो. म्हटलं, सोपं आहे. सुका वाटाणा म्हणजे वरचं, घेवड्याचा दाणा म्हणजे खालचं. प्रत्येकाला दोन्ही द्यायचे. मूठ झाकून एक पेटीत टाकायचा, दुसरा खिशात. दाणे मी माझ्या दुकानातून देतो, फुकट.

अमॉस म्हणाला, "सन्टर फुकट देतोय म्हणजे दाणे किडके असणार." पण सगळ्यांना पटलं.

अमॉसचं म्हणणं, दानाची मखमली पिशवी फिरवू. मी म्हटलं, पिशवीत हात घालून कुणी दोन्ही टाकेल; त्यापेक्षा लाकडी पेटी, वर भोक. पेटीही मीच देतो, चहाची रिकामी आहे. तेही पटलं.

खरं कारण फक्त या वहीला सांगतो. दुकानात मी करून पाहिलं. लाकडावर वाटाणा पडला की घरंगळतो, टर्रर्र करतो. घेवडा पडला की टप् होऊन गप्प. दुकानदाराचं खरं भांडवल म्हणजे कान. गिऱ्हाईक समोर उभं राहून बोलतं ते खोटं असतं. दाराबाहेर जाऊन कडी लावताना पुटपुटतं ते खरं. माझी सगळी मिळकत त्या कडीच्या आवाजावर उभी आहे. मतं मोजून होण्याआधी मला निकाल कळलेला असेल, आणि कोण कुठं गेलं तेही.

१ मे, बुधवार

मत झालं.

पेटी मास्तरांच्या टेबलावर. मि. लोमॅक्स खुर्चीवर, डोळे मिटून. कुणावर दडपण नको म्हणून. मी पेटीच्या अगदी जवळच्या बाकावर, कारण दाणे माझे. बोटांवर मोजत होतो. डावा हात घेवडा, उजवा वाटाणा.

खालचे सगळे टप्, टप्, टप्. एकही फुटला नाही, शिस्त मानली पाहिजे. आमच्यातले मात्र गुडघे बोलले. म्हातारा कोट्स टप्. आमच्या कुंपणापलीकडचे शेजारी, दोघं नवरा-बायको, टप्, टप्, तीही माझ्या डोळ्याला डोळा न देता. मिसेस पीकॉकचा वाटाणा असा घरंगळला की पेटीला एक फेरी मारून आला असावा. मिसेस डॉबसनचाही.

मला खरी शंका विली व्हिटेलची होती. आदल्या रविवारी तो खालच्या शेगडीचं फार कौतुक करत होता. तो रांगेत हॅनाच्या मागं होता. म्हणून हॅना पेटीपाशी गेली तेव्हा, तिचा वाटाणा धरूनच, मी रुमाल काढून जोरात नाक शिंकरून घेतलं, की विलीच्या वेळी कान मोकळे राहावेत. विलीचा वाटाणा. स्वच्छ ऐकला. टर्रर्र. जीव भांड्यात पडला.

माझा हिशेब: वाटाणे चोवीस, घेवडे तेवीस. एका दाण्यानं का होईना, बाक राहिलं. मी इतका निश्चिंत होतो की पेटी उघडताना खिडकीतून माळावरची कोकरं बघत होतो.

मि. लोमॅक्सनी दोनदा मोजलं. घेवडे चोवीस, वाटाणे तेवीस.

खालच्या लोकांनी टाळीसुद्धा वाजवली नाही. वाजवली असती तर बरं झालं असतं, राग तरी धरता आला असता. अमॉस माझ्याजवळ आला.

"तुझं ते बाक घेऊन ये सन्टर. पुढं ठेवू."

"पट्टीसकट?"

"पट्टी ठेव हवी तर. दार काढावं लागेल. आमच्यात बाकांना दारं नाहीत."

घरी आलो तर हॅनानं मनुकांचा टार्ट केला होता. माझं मन राखायला. मला घास गेला नाही. तिनं मात्र दोन तुकडे खाल्ले.

४ मे, शनिवार

एक दाणा मी चुकीचा ऐकला. कुणाचा?

दुकानात विली तंबाखूला आला. मी सुटी नाणी काउंटरवर सरकवली, शब्द बोललो नाही.

"काय झालं जेबेझ? दातात काही अडकलंय का?"

"घेवडा अडकलाय."

त्याला कळायला वेळ लागला. मग लालबुंद झाला. "मी? अरे शपथ घेणं आपल्यात बसत नाही म्हणून, नाहीतर घेतली असती. वाटाणा टाकला मी! खालची शेगडी चांगली म्हणालो, खालचा देव चांगला असं म्हणालो का?"

मी ती पेटी काढली. "टाक परत."

"वेडा झालास का?"

"टाक रे."

त्यानं वाटाणा टाकला. टर्रर्र. मग घेवडा. टप्. मग उलटसुलट आणखी पाच-सहा; मी डोळे मिटून सगळे ऐकले, सगळे ओळखले. कान ठीक आहेत. मग तो चोविसावा घेवडा आला कुठून?

विली म्हणाला, "तू ऐकत होतास? आमचं प्रत्येकाचं? जेबेझ, तुला ना, देवानं कान दिले आणि लाज द्यायची राहून गेली." तंबाखू घेऊन गेला. दाराबाहेर कडी लावताना काहीच पुटपुटला नाही, म्हणजे आत बोलला तेच खरं.

हॅना दुसऱ्या टोकाला साखर तोलत होती. म्हणाली, "एका दाण्यासाठी किती जणांची तोंडं पाहणार आहेस?"

"सापडेपर्यंत."

"आणि सापडल्यावर?"

त्याचा मी विचार केलेला नव्हता. तराजूचं एक पारडं खाली गेलं होतं. तिनं चमचाभर साखर काढून काटा सरळ केला.

३० जून, रविवार

वरच्या चॅपेलात शेवटची उपासना. लोक भरपूर, चॅपेल जिवंत असताना इतके कधी आले नव्हते. गाणी चांगली झाली. मि. लोमॅक्सनी इतिहासाचं कौतुक केलं आणि वाचताना जांभई दाबली.

उपासनेनंतर मी पट्टीचे स्क्रू काढत होतो, तर मिसेस पीकॉक आल्या. डोळे पुसत होत्या. छपरासाठी असेल असं वाटलं.

"मिस्टर सन्टर, खाली आमच्या तबकांचं काय होणार? तिथं त्यांच्या बायका आहेत. आम्ही काय मागं उभं राहायचं?"

मी म्हटलं, "हॅनाला विचारा. ती मूळची तिथली."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझी बायको कुठं राहते तेच त्यांना ठाऊक नसावं.

२ जुलै, मंगळवार

मिसेस पीकॉक आमच्या स्वयंपाकघरात! पहिल्यांदाच. मी दुकानात होतो. मधलं दार उघडं होतं.

"मिसेस सन्टर, तुम्हाला विचारायला जरा अवघड वाटतंय."

"बसा ना. खुर्चीवरचं मांजर उठवा."

"म्हणजे आमची तबकं... खाली तुमच्या लोकांत कोण ठरवतं हो?"

"कुणीच नाही. कप घेऊन येईल तिला मेज. आणा तुमचं."

"कुठं बसायचं?"

"माझ्याशेजारी जागा आहे."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग मिसेस पीकॉक म्हणाल्या, "तुमचंही तबक आहे का? मला माहीत नव्हतं."

"नव्हतं. आता करतेय."

संध्याकाळी हॅनानं सांगितलं की तिला कप हवेत. मी म्हटलं, दुकानातले घे, टवका उडालेले बाजूला काढून ठेवलेत, कुणाला कळणार नाही. ती म्हणाली, नको, रिचमंडच्या बाजारातून आणते. स्वतःच्या विणकामाच्या पैशातून. घरात कपांचं दुकान असताना! बायकांचं गणित मला कळत नाही. लॉरीनं सोडतो म्हटलं, तर म्हणाली पायी जाईन नाक्यापर्यंत, पुढं बस आहे.

२८ सप्टेंबर, शनिवार

सुगीच्या हंगामाचा चहा, पहिला एकत्र, खालच्या चॅपेलात. सगळं आजच लिहून ठेवतो.

भिंतीवर ओट्सची कणसं आणि सफरचंदं. मेजं मोजली नाहीत. जितक्या बायका कप घेऊन आल्या तितकी. दाराच्या जवळ हॅनाचं. पांढरे कप, कडेला निळी रेघ, बारीक. तिनं केस वेगळे बांधले होते का? काहीतरी वेगळं होतं. शेजारी मिसेस पीकॉक, सोनेरी काठाच्या कपांसकट, खाटकाच्या दुकानात आलेल्या राणीसारख्या. त्यांच्या मेजावर फक्त मिसेस डॉबसन.

मी टोपी काढली आणि पाय आपोआप मिसेस पीकॉककडे वळले. इतक्या वर्षांची सवय. बसलोही.

अमॉस मागून म्हणाला, "घरचा चहा सोडून?"

"घरचा रोजच पितो की," मी म्हणालो.

एरवी यावर हशा पिकला असता. आज कुणी हसलं नाही. खालचे लोक नाहीत, वरचेही नाहीत. चमचे थांबले. मिसेस पीकॉकसुद्धा चहादाणी उचलून तशाच राहिल्या; मग हळूच म्हणाल्या, "मिस्टर सन्टर, मला वाटतं आज तुम्ही तिकडे बसावं."

उठलो. हॅनाच्या मेजापाशी गेलो. एका बाजूला केझाया, तिच्या हाताला कप कुणीतरी लावून दिलेला. मग विली, म्हातारा कोट्स, कुंपणापलीकडची ती दोघं, खालची चार-पाच पोक्त मंडळी. बाक गच्च.

हॅनानं मान वर केली. "साखर किती?" हे विलीला. मग मला: "जागा नाही रे. आधी सांगायला हवं होतंस, धरून ठेवली असती."

रागानं नाही. दुकानात मी म्हणतो ना, वाटाणे संपले, मंगळवारी या, तसं.

दुसऱ्या कुठल्या मेजावर बसलो असतो तर लोकांना दिसलं असतं. उभा राहिलो असतो तर जास्तच दिसलं असतं. म्हणून मागच्या खोलीत गेलो. तिथं बंब तापलेला, मोरीत उष्टे कप पडू लागलेले, आणि कुणी नाही. आज सगळ्याच बायका बाहेर बसलेल्या. बाह्या वर केल्या. पाणी भाजतं, हे लिहून ठेवतो. हौस असण्यासारखं काही नाही.

आणि मग ऐकू यायला लागलं.

मधली भिंत नुसत्या फळ्यांची. बाहेरचा शब्दन् शब्द आत. म्हातारा कोट्स चहा भुरकतोय. मिसेस डॉबसन मिसेस पीकॉकना विचारतेय की इथं चहा एवढा गरम कसा असतो. अमॉस म्हणतोय, "सन्टर कुठं गेला?" कुणीतरी: "मागं. कप धुतोय." "कोण, जेबेझ? फोडेल तो." आणि हॅना, चहा ओतता ओतता, आवाज न चढवता: "फोडू दे. कप माझे आहेत."

सगळी हसली. मला वाटतं मीही हसलो, कारण हातातला कप निसटून पाण्यात पडला. फुटला नाही.

पहिल्या मेजावर बसून मला गावातलं सगळं कळतं असं मी मानत आलो. पण त्या मेजावर फक्त त्या मेजाचं ऐकू येतं. मोरीपाशी सगळ्या मेजांचं येतं. वरच्या चॅपेलातही मागची भिंत फळ्यांचीच होती. मीच दुरुस्त करून घेतली होती, स्वस्तातल्या फळ्या लावून.

परत येताना पुलावर हॅनाला विचारलं, "वरती मागच्या खोलीत बाहेरचं ऐकू यायचं?"

"यायचं."

"काय काय?"

तबक तिच्या हातात होतं, कापडात बांधलेलं. मी घेतो म्हटलं तर दिलं नाही. "मिसेस पीकॉक विचारायच्या साखर किती. तू चार चमचे सांगायचास. घरी दोन सांगतोस."

"आणि आणखी?"

"आणखी पुष्कळ," ती म्हणाली. "चल, वारा सुटलाय."

थोडं पुढं गेल्यावर मला तो चोविसावा दाणा आठवला. मी नाक शिंकरलं होतं तेवढ्या वेळातला. विचारावं असं वाटलं. ती बाजूलाच चालत होती, रस्ता रिकामा होता. विचारलं असतं तर तिनं सांगितलंही असतं. ती खोटं बोलत नाही.

विचारलं नाही. कान अजून शाबूत आहेत. तिनं सांगितलं असतं तर मला ऐकू आलं असतं.